घरचा सुक्का: सुक्कोथची पहिल्यांदाच तयारी करणाऱ्यांसाठी

सुक्कोथ हा ज्यूंचा मांडवांचा सण, आणि सुक्का म्हणजे त्यासाठी बांधायचा पाल्याच्या छपराचा मांडव. आपल्या बेने इस्रायल (महाराष्ट्रातल्या ज्यू) घरांतल्या बहुतेकांनी सुक्का पाहिलेला असतो तो सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनास्थळाच्या, आवारात. कुणीतरी झावळ्या आणलेल्या असतात, कुणीतरी फळं टांगलेली असतात. आपण जायचं, किद्दुश, म्हणजे सणाच्या प्याल्यावरची प्रार्थना, ऐकायचा, दोन घास खायचे आणि घरी परतायचं. स्वतःच्या घरी बांधायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, आपल्याला जमेल का? जमेल. सुतारकाम येत नसलं तरी जमेल. मात्र कामाचा क्रम चुकवू नका. आधी डोक्यावरचं आभाळ बघायचं, मग भिंती, मग छप्पर आणि सगळ्यात शेवटी सजावट. नवखी मंडळी उत्साहाने माळा आणि रंगीत कागदांपासून सुरुवात करतात, आणि ऐन सणाच्या दुपारी कुणीतरी जाणतं माणूस वर बघून सांगतं की या जागी बांधलेला सुक्का सुक्का ठरतच नाही.

तोरा या आपल्या धर्मग्रंथातली आज्ञा लेवीय या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात आहे. सात दिवस मांडवात राहा, म्हणजे मिसर देशातून बाहेर काढताना मी इस्राएल लोकांना मांडवात वसवलं होतं हे तुमच्या पिढ्यांना कळेल. पुढचे सगळे नियम यातूनच येतात. निवारा तात्पुरता हवा, छप्पर जमिनीतून उगवलेल्या वस्तूचं हवं आणि त्या छपराच्या वर मोकळं आभाळ हवं.

दिवस आणि धावपळ

सण ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या 15 तारखेला, म्हणजे पौर्णिमेला सुरू होतो. 2025 मध्ये सुक्कोथची पहिली रात्र आणि कोजागिरी एकाच दिवशी, 6 ऑक्टोबरला आली होती. 2026 मध्ये हिंदू पंचांगात अधिक ज्येष्ठ आल्यामुळे कोजागिरी पुढे सरकते आणि सुक्कोथ भाद्रपदातल्या पौर्णिमेवर येतो. शुक्रवार 25 सप्टेंबरच्या सूर्यास्ताला सण सुरू होईल, आणि तोच दिवस अनंत चतुर्दशीचा आहे. मुंबई, ठाणे, पुणे इथे राहणाऱ्यांनी याचा अर्थ नीट समजून घ्यावा. त्या दिवशी दुपारपासून रस्ते बंद असतात, टेम्पो मिळत नाही, आणि बांबू-बल्ल्या, पाइप, पडदे भाड्याने देणारा प्रत्येक मांडववाला आधीचे दोन आठवडे गणपतीच्या कामात गुंतलेला असतो. त्यामुळे सामान ऑगस्टमध्येच सांगून ठेवा.

बाकीचे दिवस असे: 26 आणि 27 सप्टेंबर हे पहिले दोन पूर्ण सणाचे दिवस. 28 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर होल हामोएद, म्हणजे मधले सणाचे दिवस. 2 ऑक्टोबरला होशाना रब्बा, म्हणजे सणाचा सातवा दिवस, 3 तारखेला शेमिनी असेरेथ, म्हणजे आठव्या दिवसाचा मेळा, आणि 4 तारखेला सिम्हाथ तोरा, म्हणजे तोराचा आनंदसोहळा. इस्रायलमध्ये पहिला पूर्ण सणाचा दिवस एकच असतो, आणि शेमिनी असेरेथ व सिम्हाथ तोराही एकाच दिवशी येतात. तिकडच्या नातेवाइकांशी फोनवर बोलताना तारखांचा घोळ होतो तो यामुळे.

योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस, 21 सप्टेंबरला आहे. उपास सुटल्यावर त्याच रात्री सुक्क्याचा निदान एक बांबू तरी उभा करायचा अशी जुनी रीत आहे. मला ती फार आवडते, आणि सोयीचीही वाटते, कारण हातात उरतात ते जेमतेम चार दिवस.

जागा: आधी वर बघा

निवडलेल्या जागेच्या मधोमध उभे राहा आणि मान वर करा. वर स्लॅब, पत्रा, सज्जा, वरच्या मजल्याची बाल्कनी किंवा झाडाची फांदी दिसली तर ती जागा सोडून द्या. झाडाखालचा सुक्का चालत नाही, कारण झाड अजून जमिनीला जोडलेलं असतं. छपराचा पाला कापलेलाच हवा. अलिबाग, नवगाव, रेवदंड्याच्या वाड्यांमध्ये हीच मोठी अडचण असते. जागा भरपूर, पण माथ्यावर नारळ-पोफळींची दाटी. तिथे विहिरीजवळचं किंवा खळ्याचं उघडं अंगण शोधा. नारळाखाली मुलांना बसवू नये हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नकोच.

आपल्याकडच्या इमारतींत बाल्कन्या एकाखाली एक असतात, त्यामुळे सर्वांत वरच्या मजल्याची उघडी बाल्कनी सोडली तर बाल्कनीचा उपयोग नाही. स्टिल्ट पार्किंगही बाद. इस्रायलमध्ये, अश्दोदला किंवा दिमोनाला, कित्येक इमारतींच्या बाल्कन्या मुद्दाम पुढे-मागे सरकवून बांधलेल्या असतात, म्हणजे प्रत्येकीवर थोडं तरी आभाळ उरतं. इथे आपल्याला उरते ती गच्ची, बंगल्याचं अंगण किंवा इमारतीचं मोकळं आवार.

गच्चीसाठी सोसायटीची लेखी परवानगी घ्या. अर्जात चार गोष्टी स्पष्ट लिहा: किती दिवस, किती जागा, गच्चीला भोक पाडणार नाही आणि आत उघडा विस्तव ठेवणार नाही. सेक्रेटरींना काळजी असते ती वॉटरप्रूफिंगची आणि आगीची. त्यांनी विचारण्याआधीच तुम्ही उत्तर दिलंत तर सही लवकर मिळते. पाण्याच्या टाकीकडे जायची वाट आणि जिन्याचं दार मोकळं ठेवा.

गच्चीचा कोपरा ही मला सर्वांत चांगली जागा वाटते. भिंत छपरापर्यंत पोचलीच पाहिजे असा नियम नाही. तिची उंची निदान दहा मुठी, म्हणजे साधारण 80 सेंटिमीटर ते एक मीटर असावी लागते. गच्चीचा कठडा मोजून बघा. तो पूर्ण एक मीटर भरला तर कोपऱ्यात तुम्हाला दोन भिंती आयत्या मिळाल्या. फक्त छपराची कड कठड्याच्या बरोब्बर वर येईल असं बघा, आतल्या बाजूला मोठं अंतर सोडू नका.

सांगाडा आणि भिंती

सुक्का किती मोठा हवा? नियमाने अगदी लहानसाही चालतो. जेमतेम एक माणूस आणि त्याचं ताट मावेल एवढा, साधारण 70 सेंटिमीटर चौरस. चौघांच्या घराला आठ फूट बाय सहा फूट पुरतो आणि उंची सात फूट ठेवावी, म्हणजे उभं राहून किद्दुश म्हणताना डोक्याला झावळी लागत नाही. वरची मर्यादा वीस हातांची, सुमारे साडेनऊ मीटर. घरच्या सुक्क्याला तिची चिंता नाही.

चार कोपऱ्यांना चार जाड बांबू आणि लांब बाजूंच्या मध्यावर एकेक, असे सहा उभे बांबू लागतील. अंगणात ते फूट-दीड फूट खोल पुरा. गच्चीवर मात्र रेतीने भरलेले तेलाचे मोठे डबे किंवा बादल्या वापरा, बांबू मधोमध रोवून रेती ओली करून ठोका. वर चहूबाजूंनी आडवे बांबू बांधा. गाठी सुंभाने मारा. मांडववाले मारतात तशी फुलीची गाठ कुणाकडून तरी शिकून घ्या; दहा मिनिटांचं काम आहे आणि ती सात दिवस हलत नाही. गच्चीवर वारा जोरात असतो, तेव्हा दोन विरुद्ध कोपरे दोरीने टाकीच्या खांबाला किंवा एखाद्या पक्क्या आधाराला ताणून बांधा.

भिंती कशाच्याही चालतात: प्लायवूड, बांबूचे तट्टे, जुनी दारं, अगदी घराची पक्की भिंतही. दोन पूर्ण भिंती आणि तिसरीचा थोडा भाग एवढ्यानेही नियम पुरा होतो, पण त्या तिसऱ्या भिंतीचं मोजमाप नाजूक आहे. नवख्या माणसाने सरळ तीन पूर्ण भिंती कराव्यात.

कापडी पडदे सर्वांत सोपे, आणि चूक होते तीही तिथेच. वाऱ्याने फडफडणारी भिंत भिंत धरली जात नाही. पडदा वर, खाली आणि दोन्ही बाजूंना ताणून बांधा. त्यावर आणखी एक उपाय आहे, तो जरूर करा. पडद्याच्या आतल्या बाजूने जमिनीपासून एक मीटर उंचीपर्यंत दर 20 सेंटिमीटरवर एकेक आडवी दोरी घट्ट ताणा. दोन दोऱ्यांत तीन मुठींपेक्षा, म्हणजे साधारण 24 सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर असेल तर मधली जागा बंद धरली जाते आणि त्या दोऱ्याच भिंत होतात. मग पडदा कितीही हलला तरी चिंता नाही.

झावळ्या: सगळा सुक्का यावर उभा

छपराला म्हणतात स्खाख. ते जमिनीतून उगवलेलं, कापलेलं, खाण्यात न येणारं आणि ज्याची वापरायची वस्तू बनवलेली नाही असं असावं. नारळाची झावळी या सगळ्यात चपखल बसते. नुसते बांबू किंवा बांबूच्या कामट्याही चालतात. ताडपत्री, पत्रा, कापड, प्लॅस्टिकचा हिरवा जाळीदार कपडा, शेतावरची शेडनेट हे काहीही चालत नाही. झोपायला केलेली चटई चालत नाही, कारण ती आता वस्तू झाली. शाकारणीसाठीच विणलेले झाप मिळत असतील तर तुमच्या हझानना, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना, दाखवून घ्या. आंब्याचे टाळे किंवा अशोकाच्या फांद्या दिसतात छान, पण चौथ्या दिवशी पानं गळून आमटीत पडायला लागतात. ज्याची पानं गळतात किंवा ज्याला उग्र वास येतो असा पाला वापरू नये असंच सांगितलेलं आहे.

झावळ्या कोकणात कुणाच्याही वाडीत मिळतील. मुंबईत नारळ पाडणाऱ्याला आठवडाभर आधी सांगून ठेवा किंवा वसईकडून मागवा. आठ बाय सहाच्या सुक्क्याला दहा-बारा मोठ्या झावळ्या धरा, आणि दोन जास्तीच्या आणा. बांबू वखारीतून घ्या, मांडववाल्याची वाट बघत बसू नका.

घालायची पद्धत अशी. भिंती उभ्या राहिल्यावरच छप्पर घालायचं, आधी नाही. सांगाडा लोखंडी पाइपांचा असेल तर पाइपांवर आधी लाकडी पट्ट्या किंवा बांबू टाका, म्हणजे झावळीचा भार थेट लोखंडावर येत नाही. मग फूट-फूट अंतरावर बारीक बांबू आडवे टाका आणि त्यांच्यावर झावळ्या. पहिली झावळी दांड्याकडची बाजू डावीकडे ठेवून घाला, दुसरी उजवीकडे, अशा आलटून-पालटून. एकाच बाजूला सगळे जाड दांडे आले तर तिकडे थर जाड होतो आणि शेंड्यांच्या बाजूला ऊन धो-धो आत येतं. झावळी फार रुंद असेल तर मधला दांडा कोयत्याने उभा चिरून दोन भाग करा. ते सपाट बसतात. बांधायला प्लॅस्टिकची दोरी किंवा तार नको. हारवाल्यांकडे मिळणारा केळीचा सोप ओला करून वापरा, तो वाळला की गाठ आवळून बसते.

घालून झालं की भर दुपारी आत जाऊन जमिनीकडे बघा. उन्हाच्या कवडशांपेक्षा सावली जास्त हवी. निम्म्याहून जास्त सावली हा पक्का नियम. पण इतकं दाटही नको की जोराचा पाऊस आत येणारच नाही. रात्री पुन्हा आत जा. झावळ्यांच्या फटींतून एखादी चांदणी दिसली तर छप्पर चांगलं जमलं.

आता एक गोष्ट, जी पहिल्या वर्षी कुणी सांगत नाही. हिरवी झावळी वाळताना आकसते. तिची पाती उघडी आणि आडवी असतात, ती दोन-तीन दिवसांत दुमडून काडीसारखी होतात. सणाच्या आदल्या दिवशी सत्तर टक्के सावली देणारं छप्पर चौथ्या दिवशी निम्म्याच्या खाली जाऊ शकतं, आणि मग तो सुक्का सुक्का उरत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी वाळण्याचा हिशेब धरून जास्त दाट घाला, आणि जास्तीच्या दोन झावळ्या होल हामोएदमध्ये घालायला हाताशी ठेवा. शक्य असेल तर दोन दिवस आधी कापलेल्या, थोड्या वाळलेल्या झावळ्याच वापरा. त्यांचं खरं रूप आधीच दिसलेलं असतं.

पाऊस

मुंबईतून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर आहे. सप्टेंबरअखेरीचा सण म्हणजे पाऊस येणारच असं धरून चाला. जेवण नसेल तेव्हा सुक्क्यावर ताडपत्री ओढून ठेवायला हरकत नाही. जेवायच्या वेळी ती पूर्ण बाजूला हवी. स्खाख घालताना ताडपत्री वर ताणलेली नसावी, आभाळाखालीच छप्पर घालावं. शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतचा विसाव्याचा दिवस) आणि सणाच्या दिवशी सुटी ताडपत्री पसरणं हे तंबू ठोकण्यासारखं होतं, तेव्हा गुंडाळी किंवा सरकती सोय शुक्रवारआधीच करून हझानना दाखवून घ्या.

जेवताना पाऊस आला तर काय? मिश्ना या जुन्या नियमग्रंथाने माप दिलं आहे: ताटातली पेज बिघडेल एवढं पाणी पडू लागलं की उठून घरात जावं. मिश्नाला त्या पावसाचं दुःखही वाटतं. चाकर धन्याला प्याला भरून द्यायला गेला आणि धन्याने तोच तांब्या त्याच्या तोंडावर ओतला, असं ते वर्णन आहे. म्हणून घरात जाताना चिडचिड नको, आणि ओलं होत बसून शूरपणाही नको. फक्त पहिल्या रात्री लगेच उठू नका. सरी येतात-जातात, थोडं थांबा, उघडीप मिळाली की किद्दुश आणि निदान एक घास भाकरीचा सुक्क्यात घ्या. किती वेळ थांबायचं ते आपापल्या सिनेगॉगच्या रीतीप्रमाणे.

आजारी माणूस आणि त्याची शुश्रूषा करणारे यांना सुक्क्याची सक्ती नाही. आजीला चार मजले चढून गच्चीवर नेण्याचा हट्ट धरू नका.

एथ्रोग, लुलाव, हदास, अरावा

सणात हातात धरून प्रार्थना म्हणायच्या या चार प्रजातींचा संच बहुतेकांना सिनेगॉगमार्फतच मिळतो आणि बाहेरदेशातून येतो, म्हणून नाव लवकर नोंदवा. संच हातात आल्यावर काय बघायचं ते माहीत असू द्या.

एथ्रोग हे महाळुंगाच्या जातीचं फळ. हिमालयाच्या पायथ्याचा पूर्व भाग हे या फळाचं मूळ घर मानतात, आणि आपल्याकडे कोकणात परसात महाळुंग दिसतंही. तरी बाजारातून किंवा शेजारच्या वाडीतून परस्पर आणू नका. कलम केलेल्या झाडाचं फळ चालत नाही, आणि ईडलिंबू वगैरे भाऊबंद इतके सारखे दिसतात की जाणकाराशिवाय ओळख पटत नाही. फळ डाग नसलेलं, देठाकडे रुंद, वरती निमुळतं असावं. टोकाला लहानशी बोंडी असेल तर ती मोडू देऊ नका. असलेली बोंडी मोडली तर फळ बाद होतं. काही फळं मुळातच बोंडीशिवाय वाढतात, ती चालतात.

लुलाव म्हणजे खजुराच्या झाडाचा न उमललेला शेंडा. मधला कणा सरळ, टोक न फाटलेलं. हदासच्या, म्हणजे मर्टलच्या, तीन डहाळ्या, त्यांची पानं एकाच पेरातून तीन-तीन फुटलेली हवीत. अरावाच्या दोन डहाळ्या, पान लांबट, कडा गुळगुळीत, काडी तांबूस. ओढ्याकाठी आपल्याकडे वाळुंज वाढतो, तो याच कुळातला. पण करवतीसारख्या कडेच्या, गोलसर पानांच्या जाती चालत नाहीत, तेव्हा तोडून आणलीत तर आधी दाखवून घ्या.

लुलावचा कणा तुमच्याकडे करून धरा. हदास उजवीकडे, अरावा डावीकडे, आणि हदासचा शेंडा अरावापेक्षा किंचित वर. लुलावच्याच पातीच्या पट्टीने एकत्र बांधा. हे बांधणं सणाआधी उरकून ठेवायचं. आपल्या हवेत अरावा दोन दिवसांत काळी पडते, म्हणून अरावा आणि हदास ओलसर कागदात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. कागद ओलसर हवा, पाणी ठिबकत नको, नाहीतर पानं कुजतात. एथ्रोग फ्रिजमध्ये नको, त्याच्या मऊ वेष्टणातच राहू द्या.

2026 मध्ये पहिला दिवस शब्बाथ आहे, त्यामुळे त्या दिवशी लुलाव हातात घेत नाहीत. रविवारी 27 तारखेला सकाळपासून सुरुवात. बांधलेली जुडी उजव्या हातात आणि एथ्रोग डाव्या हातात. बेराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणण्याआधी एथ्रोग उलटा, म्हणजे देठ वर करून धरा, बेराखा झाली की सुलटा करा आणि दोन्ही हात जुळवून सहा दिशांना हलवा. दिशांचा क्रम घराण्याप्रमाणे आणि सिनेगॉगप्रमाणे बदलतो. एकदा शेजारी उभं राहून बघून घ्या. वर्षातली पहिली वेळ असते, तेव्हा शेहेहियानू ही नव्या प्रसंगाची बेराखाही म्हणायची. तोरात ‘तुम्ही आपल्यासाठी घ्या’ असं आहे, म्हणून सणाच्या सुरुवातीला संच स्वतःच्या मालकीचा असावा लागतो. घरात एकच संच असेल तर तो एकमेकांना खरोखर भेट द्या, परत करण्याच्या बोलीवर. लहान मुलांना मात्र मोठ्यांचं झाल्यावरच द्या. होशाना रब्बासाठी अरावाच्या पाच डहाळ्या वेगळ्या लागतात, त्या आधीच सांगून ठेवा.

सजावट आणि दिवे

इथे हात मोकळा सोडा. डाळिंबं, मोसंबी, सीताफळं, भाताच्या लोंब्या, गव्हाची कणसं, लाल भोपळे, झेंडूची तोरणं, सगळं या दिवसांत बाजारात असतं. टांगलेल्या वस्तू छपरापासून एका फुटाच्या आत ठेवा, खाली लोंबकळू देऊ नका. फळं थोडी कच्ची निवडा. पिकलेलं सीताफळ तिसऱ्या दिवशी ताटात पडतं आणि मुंग्या लागतात. एक नियम मुलांना आधीच सांगा: सजावटीची फळं सण संपेपर्यंत तोडून खायची नाहीत. आठवड्याभरात मुलं सतरा वेळा विचारतील, म्हणून खायच्या फळांची वेगळी टोपली खाली ठेवा.

सात दिवसांना सात पाहुणे येतात अशी जुनी श्रद्धा आहे: अब्राहाम, इसहाक, याकोब, मोशे, अहरोन, योसेफ आणि दावीद. मुलांकडून त्यांची नावं मोठ्या अक्षरांत लिहून घ्या आणि भिंतीवर लावा. त्यांच्यासोबत खरे पाहुणेही बोलवा. शेजारी, ऑफिसातले मित्र, ज्यांनी गच्ची वापरू दिली ते सोसायटीचे लोक.

वाळक्या झावळ्या हे पेटायला अर्धा क्षण घेणारं जळण आहे, याची जाण ठेवा. शब्बाथचा दिवा घरात लावा. सुक्क्यात लावायचाच असेल तर काचेच्या चिमणीत, छपरापासून भरपूर खाली, मुलांच्या हाताला न लागेल असा. विजेच्या माळा कमी उष्णतेच्या एलईडी घ्या, जोड उघडे नकोत, आणि वायर ओल्या जमिनीवरून नेऊ नका. शब्बाथ-सणाला बटण दाबायचं नसेल तर टायमर शुक्रवारीच लावा.

स्वयंपाक आणि पहिली रात्र

पहिला दिवस शब्बाथ आणि दुसरा रविवार, दोन्ही पूर्ण सणाचे. शब्बाथला स्वयंपाक नाही आणि शब्बाथच्या दिवशी रविवारची तयारीही नाही. तेव्हा शुक्रवारीच दोन दिवसांचं बरंचसं उरकून ठेवा. गच्चीवर सुक्का असेल तर शब्बाथला घरातून वर वाहून नेण्याचाही प्रश्न येतो. ताटं, पाणी, गार खायच्या गोष्टी, चादरी शुक्रवारी सूर्यास्ताआधी वर पोचलेल्या असू द्या.

गार झालं तरी चांगलं लागेल असं करा. नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण, कोशिंबीर, पुलाव, गोडाला गव्हाच्या चिकाचा हलवा. मटण असेल तर गोड पदार्थही नारळाच्या दुधातलाच, म्हणजे दूध आणि मांस एकत्र येण्याचा प्रश्न येत नाही. किद्दुशसाठी काळ्या मनुका गुरुवारीच भिजत घाला, शुक्रवारी कुस्करून गाळून शरबत बाटलीत भरा.

रात्री क्रम असा: किद्दुश, त्यात लेशेव बासुक्का ही सुक्क्यात बसण्याची बेराखा आणि शेहेहियानू, मग हात धुणं, मग भाकरीवरची बेराखा आणि पहिला घास. या रात्री भाकरीचा निदान एका ऑलिव्हएवढा तुकडा सुक्क्यात खाणं आवश्यक आहे. नंतरच्या दिवसांत पोटभर जेवण सुक्क्यात. फळ किंवा चहा बाहेर घेतला तरी चालतो.

झोपायचा विचार असेल तर डासांचं बघा. चार दांड्यांवर सपाट ताणलेली उंच मच्छरदाणी हा स्वतःच एक तंबू ठरतो, आणि मग तुम्ही सुक्क्याखाली नव्हे तर मच्छरदाणीखाली झोपता. पंखा, अंगाला लावायचं मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे यावर भागवा. डेंग्यूचे दिवस असतात, लहान मुलांना मी तरी रात्री वर झोपवणार नाही.

मधले दिवस आणि आवराआवर

होल हामोएदमध्ये रोज सकाळी तीन गोष्टी तपासा: गाठी, भिंतींच्या दोऱ्या आणि दुपारची सावली. वाऱ्याने झावळी सरकून छपरात हातभर फट पडली तर लगेच बुजवा. संध्याकाळी एखाद्या दिवशी सिनेगॉगच्या सुक्क्यातही जाऊन या. ठाण्याचं शाआर हाशामाईम, पुण्याचं सुक्कथ शेलोमो, अलिबागचं मागेन अबोथ, जे जवळ असेल ते. दुसऱ्यांनी छप्पर कसं घातलंय, कोपरा कसा बांधलाय हे आता तुमच्या नजरेला दिसायला लागेल.

सिम्हाथ तोराची रात्र उलटली की सोमवारी, 5 ऑक्टोबरला, सुक्का उतरवा. सुंभाच्या गाठी कापू नका, सोडवा. प्रत्येक बांबूवर खडूने त्याची जागा लिहा आणि बांबू कोरड्या जागी आडवे, जमिनीपासून थोडे वर ठेवा. उभे ठेवले तर वाकतात. झावळ्या पायदळी येतील अशा कचऱ्यात टाकू नयेत, वाडीत खताच्या खड्ड्यात घालाव्यात. लुलाव वाळवून जपा, पेसाहच्या, म्हणजे वल्हांडण सणाच्या, आधी खमीर जाळताना तो चुलीत घालायची रीत आहे. एथ्रोगच्या सालीत लवंगा टोचून ठेवल्या तर कित्येक महिने हव्दालाच्या, म्हणजे शब्बाथ संपतानाच्या विधीच्या, वेळी वास घ्यायला उपयोगी पडतो. नाहीतर त्याचा साखरेत मुरंबा करा, साल जाड आणि कडू असते म्हणून आधी दोन-तीन पाण्यांत उकळून पाणी टाकून द्या. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना गच्ची झाडून दाखवल्याशिवाय किल्ली परत करू नका.